राजाची तीन लग्नं, रीनोचा कागद आणि इंदूरची वारस लेक

पलासिया (इंदूर) : पलासिया चौकातून थोडं पुढं गेलं की यशवंत निवास रोड लागतो. याच भागात यशवंत क्लब आणि होळकर स्टेडियम आहे. हे मैदान आधी महाराणी उषाराजे यांच्या नावानं ओळखलं जायचं. छावणीकडे वळलं की संयोगितागंज. गावातलं सगळ्यात मोठं सरकारी हॉस्पिटल एम. वाय., म्हणजे महाराजा यशवंतराव. यशवंतराव, संयोगिता आणि उषा ही नावं इंदूरकर दिवसातून दहादा घेतात. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ती एकाच घरातल्या नवरा, बायको आणि लेकीची आहेत हे कुणाच्या मनात येत नाही.

महाराजा यशवंतराव होळकर दुसरे म्हटलं की माणिकबाग पॅलेस, परदेशी मोटारी आणि हिऱ्यांच्या गोष्टी निघतात. पण त्यांच्या आयुष्यात दुसरी एक गोष्टही आहे. लग्न एका देशात, घटस्फोट दुसऱ्या देशात आणि मुलाचा हक्क तिसऱ्याच दारात मागायचा, असं झालं की काय होतं, ती ही गोष्ट. आज निपाणीची मुलगी पुण्यात आणि इंदूरचा मुलगा अमेरिकेत असतो. त्यामुळं हा तिढा आता राजवाड्यापुरता राहिलेला नाही.

कागलची लेक, इंदूरची सून

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. वडील तुकोजीराव होळकर तिसरे हे इंदूरचे महाराज. होळकर घराणं धनगर समाजाचं. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले, दत्तक जाऊन गादीवर आलेले. मराठा आणि धनगर समाजात सोयरीक व्हावी असं शाहू महाराजांना मनापासून वाटत होतं. नुसतं बोलून ते थांबले नव्हते. १९१७ ते १९२० या काळात त्यांनी आपल्या संस्थानात विधवा विवाह, आंतरजातीय विवाह आणि घरात बाईच्या होणाऱ्या छळाला आळा घालणारे कायदे केले. सोयरिकीची सुरुवात त्यांनी स्वतःच्या भाऊबंदांपासून करायची ठरवली. तुकोजीरावही तयार होते.

१९२२ मध्ये शाहू महाराज गेले. ठरलेली सोयरीक मात्र मोडली नाही. १९२४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातली मुलगी इंदूरच्या युवराजाला दिली गेली. त्याच या संयोगिताराजे. कर्नाटकच्या वेशीवरच्या कागलची लेक थेट माळव्यात आली. त्या काळी या लग्नाची चर्चा मराठी मुलखात सगळीकडे झाली.

या चांगल्या गोष्टीला एक दुसरी बाजू होती. लग्न झालं तेव्हा यशवंतराव १५ वर्षांचे होते आणि संयोगिताराजे त्यांच्याहून लहान. इंदूर संस्थानानं १९१८ मध्येच बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला होता. ब्रिटिश मुलखात सारडा कायदा यायला १९२९ साल उजाडलं. म्हणजे इंदूर या बाबतीत पुढं होतं. तरीही राजघराण्यातलं लग्न जुन्या वयातच झालं. जातीची भिंत ओलांडली गेली, वयाची तशीच राहिली.

वडिलांचा वारसा

जानेवारी १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत मोटारीत मुमताज बेगम होती. ती पूर्वी इंदूर दरबारात होती आणि तिथून निघून आली होती. हल्लेखोरांचे धागे इंदूरपर्यंत गेले. ब्रिटिश सरकारनं तुकोजीरावांपुढं चौकशी किंवा गादी सोडणं असे दोनच रस्ते ठेवले. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली आणि १७ वर्षांचे यशवंतराव महाराज झाले. शिक्षण इंग्लंडमध्ये, चार्टरहाऊस आणि पुढं ऑक्सफर्डला झालं. कारभाराचे पूर्ण अधिकार हाती आले ते १९३० मध्ये.

त्याआधी १९२८ मध्ये तुकोजीरावांनी अमेरिकेतल्या नॅन्सी मिलर यांच्याशी लग्न केलं. हे लग्न कसं झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. नॅन्सी यांनी आधी हिंदू धर्म स्वीकारला. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी त्याला पाठिंबा दिला. धनगर समाजानं त्यांना आपल्यात घेतलं, शर्मिष्ठादेवी हे नाव मिळालं आणि बडवाह इथं हिंदू पद्धतीनं लग्न लागलं. तुकोजीरावांच्या आधीच्या राण्या होत्याच, पण हिंदू पुरुषाला एकाहून जास्त बायका करायला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. लोकांनी नावं ठेवली, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. पण नवरा-नवरी दोघंही हिंदू, विधी हिंदू आणि लग्न माळव्यातच लागलेलं. त्यामुळं कागदाच्या बाजूनं बोट ठेवायला फारशी जागा नव्हती.

मुलानंही पुढं परदेशी बाईशी लग्न केलं, दोनदा केलं. पण त्याचा रस्ता वेगळा होता.

माणिकबागेतली सात वर्षं

यशवंतराव आणि संयोगिताराजे यांचा संसार चांगला चालला. दोघांनाही नव्या कलेची आवड. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकारानं १९३० नंतर त्यांच्यासाठी माणिकबाग उभी केली. उन्हाळ्यासाठी आत थंड हवेची सोय, धातूचं आणि काचेचं फर्निचर, सगळं युरोपात बनवून जहाजानं आणलेलं. मॅन रे यांनी या जोडप्याचे फोटो काढले. शिल्पकार ब्रांकुसी यांच्याकडून पक्ष्याची शिल्पं घेतली गेली. आज या वाड्यात केंद्र सरकारच्या कर खात्याचं ऑफिस आहे.

ऑक्टोबर १९३३ मध्ये पॅरिसमध्ये मुलगी झाली, उषाराजे. जुलै १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या तारास्प इथं संयोगिताराजे वारल्या. वय अवघं बाविशीच्या आसपास. मुलगी चार वर्षांचीही झाली नव्हती. ब्रांकुसी यांच्याकडून इंदूरमध्ये एक ध्यानमंदिर बांधून घ्यायचं ठरलं होतं. त्यासाठी ते १९३८ च्या सुरुवातीला इंदूरला येऊनही गेले. ते मंदिर कधीच झालं नाही.

आईविना राहिलेल्या मुलीचा ताबा कुणाकडे, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारलाच नसता. हिंदू कायद्याप्रमाणे बाप हाच मुलांचा नैसर्गिक पालक. १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट ब्रिटिश मुलखात लागू होता. संस्थानात राजाच्या घरात डोकावणारं कोर्ट नव्हतं. बाप जिथं जाईल तिथं मुलगी.

दुसरं लग्न

१९३८ मध्ये यशवंतरावांनी मार्गरेट लॉलर या अमेरिकन बाईंशी लग्न केलं. इथून कायद्याचा गुंता सुरू झाला.

हिंदू लग्न हा संस्कार, तो दोन हिंदूंमध्येच व्हायचा. ब्रिटिश मुलखात १८७२ चा स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट होता, पण त्यात नवरा-नवरीनं आपण अमुक धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीनं हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसात लग्न करताना ही अट उरली नाही. हिंदू आणि ख्रिस्ती जोडप्याला त्या दुरुस्तीचा उपयोग नव्हता. धर्म न सोडता कुणालाही कुणाशीही नोंदणी पद्धतीनं लग्न करता येईल असा कायदा यायला १९५४ साल उजाडलं.

राजाच्या बाबतीत आणखी एक पायरी होती. ब्रिटिश सरकार परदेशी राणीला महाराणीचा मान द्यायला तयार नसे आणि तिच्या मुलाला गादीचा वारस मानायलाही नाही. दक्षिणेतल्या पुदुकोट्टईत हे दिसलं होतं. तिथल्या राजानं १९१५ मध्ये मॉली फिंक या ऑस्ट्रेलियन बाईशी लग्न केलं. मुलगा झाला, पण १९२८ मध्ये राजा वारल्यावर गादी घराण्यातल्या दुसऱ्याच मुलाला दिली गेली. म्हणजे बायको म्हणून घरात मान असला तरी सरकारच्या दप्तरात ती राणी नव्हती. यशवंतरावांना हे माहीत नसेल असं नाही.

रीनोचा कागद

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात यशवंतरावांचा बराच मुक्काम अमेरिकेत होता. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करा अशी विनंती केली. ब्रिटिशांना ते आवडलं नाही. याच काळात मार्गरेट यांच्याशी बिनसलं.

आता एक साधा प्रश्न. हिंदू पुरुषाला दुसरं, तिसरं लग्न करायला बंदी नव्हती. तुकोजीरावांनी तेच केलं होतं. मग यशवंतरावांना घटस्फोटाची गरज काय पडली? कारण यावेळी दोन्ही बायका अमेरिकन होत्या आणि पुढचं लग्न अमेरिकेत व्हायचं होतं. तिथं पहिली बायको असताना दुसरी करणं हा गुन्हा. हिंदू कायद्यात मात्र तेव्हा घटस्फोटच नव्हता. अनेक समाजांत जातीच्या रूढीनं काडीमोड व्हायची, पंच बसायचे आणि बाई पाट लावून दुसऱ्या घरी जायची. पण ती रूढी होती. देशभर चालेल असा कोर्टाचा कागद त्यातून मिळत नव्हता.

म्हणून रीनो. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यानं १९३१ मध्ये कायदा बदलून घटस्फोटासाठी तिथं राहण्याची अट सहा आठवड्यांवर आणली होती. मानसिक छळ असं ढोबळ कारण चालायचं आणि निकाल झाला की लगेच दुसरं लग्न करता यायचं. देशभरातले श्रीमंत लोक तिथं दीड महिना हॉटेलात राहून मोकळे होऊन परतायचे. गावाचा धंदाच त्यावर चालायचा.

१९४३ मध्ये यशवंतराव आणि मार्गरेट यांचा घटस्फोट रीनोमध्ये झाला. त्याच वर्षी, त्याच गावात यशवंतरावांचं युफेमिया क्रेन यांच्याशी लग्न लागलं. मे १९४४ मध्ये अमेरिकेत मुलगा झाला. नाव शिवाजीराव, तिकडचं नाव रिचर्ड.

अमेरिकेच्या हिशेबानं सगळं चोख होतं. घटस्फोटाचा निकाल आणि लग्नाचा दाखला, दोन्ही कागद हातात. इंदूरच्या हिशेबानं तसं नव्हतं. घटस्फोट सोडून देऊ, कारण हिंदू राजाला त्याची गरजच नव्हती. अडचण लग्नाची होती. रीनोच्या कोर्टानं दिलेल्या दाखल्यावर सप्तपदी नव्हती, संस्थानाची मान्यता नव्हती आणि ज्या सरकारच्या परवानगीनं वारस ठरायचा त्याची सही नव्हती.

वारस कोण?

१९४७ मध्ये ब्रिटिश गेले. इंदूर संस्थान भारतात आलं. मे १९४८ मध्ये मध्यभारत राज्य झालं, ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव उपराजप्रमुख झाले. इंदूरला वर्षाला १५ लाख रुपये तनखा ठरला. राज्यकारभार गेला तरी तनखा, पदवी, खासगी मालमत्ता आणि देवस्थानं राहिली. त्यामुळं पुढचा वारस कोण हा प्रश्न नुसता मानाचा नव्हता, पैशाचाही होता.

नव्या राज्यघटनेत संस्थानिकाचा अर्थच असा लिहिला गेला की राष्ट्रपती ज्याला मान्यता देतील तो. म्हणजे वारस बापानं ठरवायचा नव्हता, जन्मानं आपोआप ठरणार नव्हता आणि रीनोच्या कागदावर तर मुळीच नाही. १९५० मध्ये भारत सरकारनं निर्णय दिला. इंदूरच्या वारस उषाराजे. त्या तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या, धाकटा भाऊ पाच-सहा वर्षांचा.

या निर्णयाकडे दोन बाजूंनी बघता येतं. एकीकडे मुलगा असताना मुलीला गादीचा हक्क मिळाला. त्या काळात ही लहान गोष्ट नाही. सर्वसाधारण हिंदू मुलीला बापाच्या मालमत्तेत वारस म्हणून जागा मिळाली ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं, आणि वडिलोपार्जित मालमत्तेत भावाइतका जन्मसिद्ध हक्क मिळाला तो २००५ च्या दुरुस्तीनं. दुसरीकडे एका लहान मुलाचा हक्क त्याचं काही चुकलं नसताना बाजूला पडला. आई-बापाचं लग्न कुठं आणि कसं झालं यात मुलाचा हात नसतो. तरी त्याचे परिणाम मुलालाच भोगावे लागतात.

शेजारच्या महूचा माणूस

इंदूरपासून जेमतेम २५ किलोमीटरवर महू. १८९१ मध्ये तिथल्या छावणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. ज्या काळात इंदूरच्या गादीचा वारस ठरत होता, त्याच काळात दिल्लीत कायदामंत्री म्हणून ते हिंदू कोड बिलासाठी झगडत होते. एक नवरा एक बायको, दोघांनाही घटस्फोटाचा हक्क, मुलींना वारसा, मुलांच्या पालकत्वाचे नियम हे सगळं त्यात होतं. बिल अडवलं गेलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढं तेच बिल तुकड्यातुकड्यानं पास झालं. १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला. १९५६ मध्ये वारसा, पालकत्व आणि दत्तक हे तीन कायदे आले.

१९५५ नंतर तुकोजीरावांसारखं बायका असताना लग्न करणं हिंदू पुरुषाला गुन्हा ठरला. आणि घटस्फोटासाठी रीनोला जायची गरज उरली नाही, जिल्ह्याच्या कोर्टात अर्ज करता येऊ लागला. दोघांच्या संमतीनं घटस्फोटाची सोय १९७६ मध्ये झाली.

यशवंतरावांचं तिसरं लग्नही टिकलं नाही. १९६० च्या सुमारास तेही मोडलं. ५ डिसेंबर १९६१ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ५३. ठरल्याप्रमाणे उषाराजे वारस झाल्या. १९७१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन सगळ्याच संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या गेल्या.

आजच्या घरासाठी हिशेब

राजांची गोष्ट म्हणून हे सोडून देता येत नाही. परदेशातल्या कोर्टाचा घटस्फोट इथं चालतो का, हा प्रश्न आज मध्यमवर्गीय घरात येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ परदेशी निकालाबद्दल आहे. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातला एक घटस्फोट मानायला नकार दिला. लग्न तिरुपतीला हिंदू पद्धतीनं झालं होतं. कोर्टानं सांगितलं ते थोडक्यात असं : ज्या कायद्याखाली लग्न झालं त्याच कायद्यातल्या कारणावर घटस्फोट हवा, आणि दुसऱ्या बाजूनं त्या परदेशी कोर्टापुढं येऊन आपली बाजू मांडलेली हवी किंवा संमती दिलेली हवी. नुसती नोटीस पाठवून मिळवलेला कागद इथं चालत नाही. सहा आठवडे हॉटेलात राहून मिळवलेला तर अवघडच.

मुलांच्या ताब्याचं तसंच. १९५६ च्या पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं, आणि सगळ्या प्रकरणांत मुलाचं हित सर्वांत वर. अर्ज करायचा तो मूल जिथं नेहमी राहतं तिथल्या कोर्टात. मूल एका देशातून दुसऱ्या देशात नेलं तर परत आणण्यासाठी जो हेग करार आहे, त्यावर भारतानं सही केलेली नाही. त्यामुळं परदेशी कोर्टाचा ताब्याचा हुकूम इथं आपोआप लागू होत नाही. इथलं कोर्ट मुलाच्या हिताचा विचार नव्यानं करतं.

राज्याच्या सीमेवर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. सासर कोल्हापूरला आणि माहेर बेळगावला, किंवा सासर इंदूरला आणि माहेर जळगावला असेल, तर २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको स्वतः राहते तिथल्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज करू शकते. नवऱ्यानं दुसऱ्या राज्यात केस टाकली तर ती आपल्याकडे बदलून मागण्यासाठी सुप्रीम कोर्टाकडे अर्ज करावा लागतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात केस हलवायचा अधिकार त्याच कोर्टाला आहे.

लग्नाची नोंदणी करून घेणं, परदेशात लग्न असेल तर ते कुठल्या कायद्याखाली होतंय ते आधी विचारणं, आणि मूल झालं की त्याचा जन्मदाखला, नागरिकत्व आणि पासपोर्टचे कागद आई-बाप दोघांच्या माहितीत ठेवणं, एवढं तरी प्रत्येक घरात व्हावं. यशवंतरावांकडे वकील होते, पैसा होता, जगात कुठंही जायची सोय होती. तरी त्यांच्या दोन मुलांपैकी कुणाला काय मिळणार हे शेवटी दिल्लीतल्या फाइलवर ठरलं. साध्या घरात ते कोर्टाच्या फाइलवर ठरतं, आणि तोपर्यंत मूल मोठं झालेलं असतं.